कृष्णवर्णीय आज्यांना डिप्रेशन खरंच कमी होतं का?

न्यू जर्सीत घरोघरी जाऊन वृद्ध पेशंटची देखभाल करणाऱ्या एका मराठी नर्सचा प्रश्न असा आहे: "ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं की कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये डिप्रेशन गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी असतं. नेवार्कमधल्या माझ्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या पेशंट बघते तेव्हा ते पटत नाही. फॉर्मवर स्कोअर येतो शून्य नाहीतर एक, आणि बाई तर दिवसदिवस खुर्चीतून उठत नाही. आकडे खरे धरायचे की मला दिसतं ते? आणि इथे मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या आयांचं काय?"

मी अमेरिकेतच वृद्धांच्या मानसोपचारात काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या मोठी आहे. तुम्हाला जे दिसतंय ते खरं आहे. आकडेही खोटे नाहीत, पण ते अर्धेच सांगितले जातात, आणि नेमका कामाचा अर्धा भाग राहून जातो.

तुम्हाला सांगितलेला आकडा बहुधा 'नॅशनल सर्व्हे ऑफ अमेरिकन लाइफ' या पाहणीतला असावा. मिशिगन विद्यापीठात जेम्स जॅक्सन यांच्या नेतृत्वाखाली ती झाली आणि डिप्रेशनबद्दलचे तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी मेजर डिप्रेशन होऊन गेलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये १७.९ टक्के, कॅरिबियन मुळाच्या कृष्णवर्णीयांमध्ये १२.९ टक्के आणि आफ्रिकन अमेरिकनांमध्ये १०.४ टक्के निघालं. हे सगळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांचे आकडे आहेत. बहुतेक जण इथेच थांबतात. त्याच पाहणीत पुढे असंही दिसतं की ज्यांना हा आजार झाला, त्यांच्यात तो चिवटपणे टिकून राहण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये ५६ टक्क्यांच्या आसपास होतं आणि गोऱ्यांमध्ये ३८.६ टक्के. उपचार आफ्रिकन अमेरिकनांपैकी निम्म्याहून कमी लोकांना मिळाले होते, कॅरिबियन मुळाच्या लोकांपैकी जेमतेम पाव जणांना. म्हणजे आजार कमी जणांना गाठतो, पण ज्याला गाठतो त्याला सहजी सोडत नाही.

वय वाढलं की चित्र आणखी बदलतं. व्हिटॅमिन डी आणि ओमेगा-३ यांच्यावरच्या 'व्हायटल' नावाच्या मोठ्या चाचणीत पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि पंचावन्नच्या पुढच्या स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या पंचवीस हजारांहून जास्त जणांच्या डिप्रेशनचा अभ्यास २०२० मध्ये आला. उत्पन्न, शिक्षण, राहणीमान, इतर आजार हे सगळं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीयांमध्ये लक्षणांची तीव्रता गोऱ्यांपेक्षा १० टक्क्यांनी जास्त होती, हिस्पॅनिकांमध्ये (लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांमध्ये) २३ टक्क्यांनी. कशातच रस न वाटणं, उदासी, हालचाली आणि बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, ही लक्षणं दीडपट ते दुपटीने आढळली. आणि ज्यांना डिप्रेशन असल्याचं स्पष्ट दिसत होतं, त्यांच्यात कृष्णवर्णीयांना गोळ्या किंवा समुपदेशन यांपैकी काहीही मिळत असण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी होती. ही सगळी माणसं स्वतःहून संशोधनात नाव नोंदवणारी, फॉर्म भरणारी, त्या मानाने धडधाकट. दाराशी तुमच्यासारखी नर्स येईपर्यंत जिला कुणी काही विचारलेलंच नाही, तिची गणती यात नाही.

म्हणून 'कुणाला जास्त होतं' या वादात मी फार वेळ घालवत नाही. मला सतावतो तो उपचारांतला फरक, कारण तो आपल्या हातात आहे.

आता तुमच्या फॉर्मकडे येऊ. होम हेल्थच्या मूल्यमापनात जानेवारी २०२३ पासून डिप्रेशनसाठी 'पीएचक्यू-२ ते ९' ही नऊ प्रश्नांची यादी आहे. पहिले दोन प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: गोष्टींमध्ये रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. दोन्हींच्या वारंवारितेला शून्य किंवा एक गुण पडला की मुलाखत तिथेच संपवायची असते. झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दलची नावड, लक्ष न लागणं, मंदपणा, मरणाचे विचार, हे उरलेले सात प्रश्न विचारलेच जात नाहीत. आता विचार करा, जिने आयुष्यभर परक्या माणसासमोर आपलं रडगाणं गायलं नाही, तिच्या बैठकीच्या खोलीत पहिल्याच भेटीत तुम्ही लॅपटॉप उघडून विचारता, "उदास वाटतं का?" ती म्हणणार, "नाही गं बाई, देवाची कृपा आहे." शून्य. पुढचं पान आपोआप बंद. नियमाप्रमाणे नोंद बरोबर झाली, पण त्या बाईबद्दल तुम्हाला काहीच कळलं नाही.

तुमच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. फॉर्म संपला म्हणून बोलणं संपवू नका. रक्तदाब मोजताना, पायाची सूज बघताना उरलेलं विचारून घ्या. रात्री किती वाजता जाग येते? जेवण कोण बनवतं, आणि बनवलेलं खाल्लं जातं का? आधी काय काय करत होतात, आणि त्यातलं काय सुटलं? माझ्या अनुभवात या शेवटच्या प्रश्नाइतकं कामाचं दुसरं काही नाही. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त, साउथ कॅरोलायनातून लहानपणी उत्तरेत आलेल्या. 'विसरायला लागल्यात' म्हणून पाठवलेल्या. उदासीला ठाम नकार, स्कोअर शून्य. चर्चबद्दल विचारलं तेव्हा कळलं की दर रविवारी दाराशी उभं राहून लोकांना जागेवर बसवणाऱ्या स्वयंसेविकांमध्ये त्या वर्षानुवर्षं होत्या, पांढरे हातमोजे घालून. यंदा त्यांनी ते हातमोजे परत देऊन टाकले होते. प्रार्थना आता फोनवर लावतात, तीही अंथरुणातूनच, आणि मध्येच बंद करतात. मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याच्या लेकीला सांभाळायचं म्हणून त्या रडल्या नव्हत्या. स्मृतीच्या चाचणीत त्या चुकत नव्हत्या, उत्तर द्यायला फक्त फार वेळ घेत होत्या. हे डिप्रेशनच होतं, डिमेन्शिया नव्हे.

मंदपणाबद्दल इथे थोडं जास्त लिहिते, कारण हा मुद्दा फार सुटतो. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब लवकर सुरू होतो, मधुमेह आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त असतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं ताण आला की म्हातारपणी जे डिप्रेशन येतं त्यात रडणं कमी आणि थंडावणं जास्त असतं. पुढाकार संपतो, नियोजन जमत नाही, गोळ्यांचा डबा भरायचा राहतो. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज अलेक्सोपोलस यांनी १९९७ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिला 'व्हॅस्क्युलर डिप्रेशन' असं नाव मिळालं. घरच्यांना वाटतं आजी आळशी झाली, डॉक्टरांना वाटतं औषधं मुद्दाम घेत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चुकू लागल्या तर मूडबद्दल विचारायला हवं, एवढं जरी तुमच्या टीममध्ये रुजलं तरी बऱ्याच जणी वेळेत सापडतील.

प्रश्नावल्यांमध्ये उलट बाजूचा दोषही असतो, हे सांगायला हवं. संशोधनात सर्रास वापरली जाणारी 'सीईएस-डी' ही वीस प्रश्नांची यादी १९७७ पासून आहे. तिच्यात 'लोक माझ्याशी फटकून वागले' आणि 'लोकांना मी आवडत नाही असं वाटलं' अशी दोन विधानं आहेत. न्यू हेवन शहरातल्या वृद्धांच्या माहितीवरून २००० साली दाखवून दिलं गेलं की एकूण डिप्रेशन सारखंच असलं तरी कृष्णवर्णीय लोक या दोन विधानांना 'हो' म्हणण्याची शक्यता बरीच जास्त असते. अलाबामात गोऱ्यांच्या नळावर पाणी पिण्याची बंदी अनुभवलेल्या बाईने "लोक फटकून वागतात" म्हटलं तर तो आजार नसतो, ती तिला आलेला अनुभव सांगत असते. त्याच अभ्यासात 'मला रडू कोसळलं' या विधानाला स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त 'हो' म्हणत होत्या. म्हणजे एक यादी एकीकडे डिप्रेशन फुगवून दाखवते, आणि पीएचक्यूचे पहिले दोन प्रश्न दुसरीकडे ते झाकतात.

वंश ही रक्तात असलेली गोष्ट आहे म्हणून हा फरक पडतो, असं मुळीच नाही. आज पंचाहत्तरीची असलेली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री कोणत्या काळातून आली ते बघा. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, कायद्यातून घरकाम आणि शेतमजुरी करणारे वगळलेले होते. घरकाम करणाऱ्यांना १९५० च्या दुरुस्तीनंतर त्यात जागा मिळाली. कृष्णवर्णीय बायकांपैकी फार मोठा हिस्सा याच कामांत होता, त्यामुळे तिची आई अशा कामात असेल तर तिची त्याआधीची वर्षं पेन्शनच्या हिशेबात आलीच नाहीत. दक्षिणेत तिचा जन्म झाला असेल तर गोऱ्यांच्या वॉर्डात नव्हे. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं तेव्हा वर्णभेद करणाऱ्या हॉस्पिटलला त्याचे पैसे मिळणार नाहीत अशी अट घातली गेली, आणि हजारो हॉस्पिटलांनी वेगळे वॉर्ड मोडले. म्हणजे तिच्या शाळकरी वयापर्यंत हा भेद राजरोस चालू होता. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं बघत राहण्याचा सरकारी प्रयोग १९३२ पासून १९७२ पर्यंत चालला. तो उघडकीला आला तेव्हा ती विशी-पंचविशीत होती. तिला डॉक्टरांवर विश्वास ठेवायला शिकवण्याआधी, विश्वास ठेवण्यासारखं आपण काय केलं, हे आपल्या पेशातल्या लोकांनी स्वतःला विचारायला हवं.

मिशिगन विद्यापीठातल्याच संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं की सततच्या भेदभावाने आणि तंगीने कृष्णवर्णीय स्त्रियांचं शरीर वयाच्या आधी झिजतं. डेबरा अंबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की कृष्णवर्णीय अमेरिकनांना आई, नवरा, मूल यांचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा लहान वयात आणि जास्त वेळा सोसावे लागतात. मला हे रोज दिसतं. एक दुःख ओसरायच्या आत दुसरं येतं, आणि मधल्या काळात नातवंडांचे डबे, बहिणीचं डायलिसिस, घरभाडं. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांशी बोलून 'सुपरवुमन' या अपेक्षेचं जे वर्णन केलं ते असंच आहे: खंबीर राहायचं, भावना आवरायच्या, कुणावर अवलंबून राहायचं नाही, स्वतःच्या आधी इतरांचं बघायचं. हा खंबीरपणा खरा आहे, त्याने घरंच्या घरं तरली आहेत. चर्च, बहिणी-भाच्यांचं जाळं, प्रार्थना यांचा आधारही खरा आहे, आणि डिप्रेशनचं आयुष्यभराचं प्रमाण कमी निघण्यामागे त्याचा वाटा असावा असं मी मानते. म्हणून एखादीने चर्चला जाणं सोडलं तर मी ते छातीत दुखण्याइतकं गांभीर्याने घेते. तिचा आधारच निसटलेला असतो.

उपचार न मिळण्याची कारणं निम्मी तिच्या बाजूची आणि निम्मी आमच्या बाजूची आहेत असं म्हणायची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांपैकी कृष्णवर्णीय सुमारे २ टक्के आहेत, लोकसंख्येत मात्र हा समाज १३ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्याच राज्यात, रटगर्स विद्यापीठातल्या मायकेल गारा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की तीव्र डिप्रेशन असलेल्या आफ्रिकन अमेरिकन पेशंटवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त असते. पैशांचीही अडचण होती: मेडिकेअरमध्ये मानसिक आजाराच्या बाह्यरुग्ण उपचारांसाठी पेशंटला निम्मा खर्च स्वतः सोसावा लागायचा, इतर आजारांना २० टक्के. २००८ च्या कायद्याने हा फरक टप्प्याटप्प्याने काढला, आणि २०१४ मध्ये दोन्ही सारखे झाले. २०११ पासून वर्षातून एकदा डिप्रेशनची तपासणीही मेडिकेअर देतं. ही माहिती बहुतेक आज्यांना कुणी दिलेलीच नसते. "अशा डॉक्टरकडे जायचं म्हणजे खिसा रिकामा" हीच जुनी समजूत त्यांच्या मनात असते. तेवढं तुम्ही सांगितलंत तरी खूप झालं.

उपचार पोहोचले तर ते चालतात, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. 'इम्पॅक्ट' या चाचणीत पाच राज्यांतल्या १८ दवाखान्यांमधले १,८०१ वृद्ध होते. निकाल २००२ मध्ये आला. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्याच दवाखान्यात डिप्रेशनसाठी एक नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ नेमली, तिने पाठपुरावा ठेवला, मानसोपचारतज्ज्ञाने मागून सल्ला दिला. वर्षभराने ४५ टक्के पेशंटची लक्षणं निम्म्याने कमी झाली. नेहमीच्या पद्धतीत १९ टक्क्यांचीच. पुढे तपासलं तेव्हा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वृद्धांनाही याचा गोऱ्यांइतकाच फायदा झालेला दिसला. फिलाडेल्फियात लॉरा गिटलिन यांनी २०८ आफ्रिकन अमेरिकनांसाठी केलेला 'बीट द ब्लूज' हा कार्यक्रम तर तुमच्या कामाला थेट लागू पडतो. वय ५५ च्या पुढे, बहुसंख्य स्त्रिया. समाजसेविका घरी येणार, तासाभराच्या जास्तीत जास्त दहा भेटी. डिप्रेशन म्हणजे काय ते समजावणं, अडलेली कामं मार्गी लावणं, ताण हलका करायची तंत्रं, आणि सुटलेल्या आवडत्या गोष्टींपैकी एक छोटीशी ठरवून पुन्हा सुरू करणं. २०१३ मध्ये निकाल आला: चार महिन्यांत लक्षणं उतरली, रोजचं जगणं सुधारलं. वर सांगितलेल्या बाईंसोबत आम्ही हेच केलं. आधी फक्त रविवारी उठून, कपडे बदलून, खुर्चीत बसून प्रार्थना बघायची. मग महिन्यातून एकदा प्रत्यक्ष चर्चला. आणि सोबत औषध.

औषधांबद्दल दोन गोष्टी. कृष्णवर्णीय पेशंटना डिप्रेशनच्या गोळ्या गोऱ्यांपेक्षा कमी पसंत असतात आणि बोलून उपचार जास्त पटतात. ही पसंती मानून सुरुवात करावी, गोळी लादली तर ती ड्रॉवरमध्ये जाते. आणि गोळी सुरू झालीच, तर रक्तातल्या सोडियमवर लक्ष ठेवा. रक्तदाबासाठी या बायकांना हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी फार सर्रास दिलेली असते. त्यात सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळ्यांची भर पडली की वयस्कर स्त्रियांमध्ये सोडियम घसरू शकतं. पहिल्या दोन-चार आठवड्यांतच तपासावं लागतं. नव्याने गोंधळलेपण आलं, तोल गेला, तर 'औषध मानवलं नाही' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सिटालोप्राम साठीच्या पुढे दिवसाला २० मिलिग्रॅमहून जास्त नको. झोपेसाठी कुणी जुनी अमिट्रिप्टिलिन देऊन ठेवली असेल तर तिच्याबद्दल मात्र जरूर विचारा. या वयात तिने विसराळूपणा, बद्धकोष्ठ आणि पडणं वाढतं. आणि कुणाला डिप्रेशन ठरवण्याआधी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन बघितलंय ना, एवढं फाइलमध्ये तपासा.

आता आपल्या आया. अमेरिकेत त्यांची नोंद 'आशियाई' या रकान्यात होते, आणि त्या एका रकान्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, भारतीय सगळ्या एकत्र. त्यामुळे आशियाई वृद्ध स्त्रियांचे आकडे कमी दिसले तरी त्यातून न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये लेकाकडे राहणाऱ्या सांगलीच्या आजीबद्दल फारसं काही कळत नाही. कृष्णवर्णीय आजीचं आणि हिचं दुःख एकच आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामागे जो वर्णभेदाचा इतिहास आहे तो हिचा नाही. हिचं दुखणं वेगळं: गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणी ओळखीचं नाही, सून-मुलगा कामावर, नातवंडं मराठी समजतात पण बोलत नाहीत. तक्रार मात्र सारखीच अंगावर येते. गुडघे, गॅस, छातीत धडधड, झोप नाही. "मला काय झालंय, सगळं चांगलंच आहे," हेही सारखंच.

व्यवहारातली अडचण हिची जास्त आहे. ग्रीन कार्ड असलं तरी सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय पैसे भरूनसुद्धा मेडिकेअर घेता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेलीला तर ते नाहीच. अशा घरी गेलात तर मुलाला किंवा सुनेला दुभाष्या करू नका. त्यांच्यादेखत ती कधीच सांगणार नाही. तुम्ही मराठी बोलता, तुमच्याजवळ ती बोलेल. पंधरा प्रश्नांची 'जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल' वापरून बघा. हो-नाही एवढंच उत्तर लागतं आणि दुखण्याखुपण्याचे प्रश्न तिच्यात नाहीत. पाचाच्या पुढे गुण गेले तर पुढची तपासणी हवी. त्यातला 'बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का' हा प्रश्न जपून वाचा: जानेवारीत बर्फ पडलेलं असताना एडिसनमध्ये, किंवा जिन्याचा कठडा मोडलेला असताना नेवार्कमध्ये, 'हो' हे शहाणपणाचं उत्तर आहे.

राहता राहिला मरणाच्या विचारांचा प्रश्न. अमेरिकेत वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्यांपैकी आहे, त्यामुळे अनेक जण हा प्रश्न त्यांना विचारतच नाहीत. विचारा. "जगणं नकोसं वाटतं का?" असं थेट विचारल्याने विचार रुजत नाही. उलट सांगायला वाट मिळते. 'हो' आलं तर एकटं सोडू नका, घरात बंदूक आहे का आणि गोळ्यांचा साठा किती आहे ते विचारा, डॉक्टरांना लगेच फोन करा. अशा संकटात मदत देणारा ९८८ हा नंबर २०२२ पासून अमेरिकेत कुठूनही लागतो. भारतात परत गेलेल्या किंवा तिथेच असलेल्या आईसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.